आरव्हीत शिरलेली खार: काढायला किती, बुजवायला किती

पैशांचा प्रश्न आहे, तेव्हा आकडे आधी. अमेरिकेत आरव्हीत, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, शिरलेली खार परवानाधारक माणूस बोलावून काढून घ्यायची तर साधारण २०० ते ६०० डॉलर मोजावे लागतात. न्यू जर्सी, बे एरिया, बॉस्टन अशा महागड्या भागांत वरच्या आकड्याची तयारी ठेवावी. ओहायो किंवा टेक्सासमध्ये, शहरापासून जरा लांब, खालच्या आकड्यात काम होऊ शकतं. सगळं स्वतः केलं तर सामानाला शंभर-दीडशे डॉलर आणि दोन-तीन शनिवार-रविवार लागतात. ‘जाईल आपोआप’ म्हणून दोन महिने सोडून दिलं, तर मात्र आकडा हजारांत जातो. तोवर खारीने वायरी कुरतडलेल्या असतात, आणि बिल येतं ते वायरींचं.

या सगळ्या प्रकरणात खार बाहेर काढणं हेच सर्वांत स्वस्त काम आहे. ती ज्या भोकातून आली ते तसंच राहिलं, तर काढण्यावर घातलेला पैसा पाण्यात गेला असं समजा. आठवड्याभरात तीच परत येते, नाहीतर तिची शेजारीण येते. म्हणून फोनवर कोणी ‘पकडून देतो’ म्हणाला की लगेच विचारा, ‘आणि बुजवणार कोण?’

करोनाच्या काळात अमेरिकेत आरव्हींची लाटच आली. एकट्या २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, हा आजवरचा उच्चांक आहे. त्यातल्या काही आपल्या मंडळींच्या ड्राइव्ह-वेवर आल्या. आई-बाबा भारतातून आलेले, त्यांना हॉटेलचं जेवण चालत नाही, म्हणून कुकर, पोळपाट-लाटणं सगळं घेऊन यलोस्टोनला निघायचं, ही कल्पना झकासच आहे. पण हौस जून ते सप्टेंबरची. उरलेले सात-आठ महिने गाडी मागच्या अंगणात ओकच्या झाडाखाली नाहीतर स्टोरेजच्या मैदानात उभी असते. खारीला ती बिनभाड्याची खोलीच. त्यात कपाटात राहून गेलेला चिवडा, दाण्याच्या कुटाचा डबा, शेंगदाण्याची अर्धी पिशवी. अमेरिकन खारीला शेंगदाण्याचं वेड आहे आणि आपल्या कपाटात दुसरं काही नसलं तरी शेंगदाणे असतातच.

आधी पाहुणा ओळखा

दिवसा, विशेषतः सकाळी उजाडल्यावर आणि ऊन उतरताना, छतातून किंवा भिंतीतून पळापळ ऐकू येत असेल तर ती खार. रात्रीची बारीक खुडबुड उंदरांची, क्वचित उडणाऱ्या खारीची. रात्री जड पावलं वाजत असतील आणि छतावरची प्लास्टिकची झाकणं उचकटलेली सापडली, तर रकून. लेंड्यांवरूनही कळतं: उंदराची तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकदार, खारीची जाडसर आणि बोथट. ही ओळख फुकट आहे, पण चुकली तर चुकीचा माणूस येतो आणि पहिल्या फेरीचे पैसे हकनाक जातात.

आपल्याकडच्या, पाठीवर रामाची बोटं उमटलेल्या चिमुकल्या खारीवरून इथल्या खारीचा अंदाज बांधू नका. पूर्व अमेरिकेतली करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास भरते. तिला आत यायला दीड इंचाचं भोक पुरतं आणि भोक लहान असेल तर ती ते मोठं करून घेते. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे भूक असो-नसो, काहीतरी कुरतडणं तिला भागच असतं. प्लायवूड, फोम, रबर, पाण्याचा प्लास्टिक पाइप, वायरीचं वेष्टन, सगळं चालतं.

आता गाडीभोवती एक चक्कर मारा. बाहेरच्या अंगाला, फ्रिजच्या बरोबर मागे, आडव्या झडपांचं एक मोठं झाकण दिसेल. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ती हवा जायची जागा. झाकण फिरवून काढलं की आत उभा पोकळ बोगदा असतो, तळाशी बर्नर आणि वर छतावर धुराडं. खारीला घरट्यासाठी याहून उत्तम जागा मिळणार नाही: कोरडी, उबदार, वाऱ्यापासून आडोशाची. वाळकी पानं, काटक्या, गादीतला कापूस असं सगळं ती बर्नरपासून वीतभर अंतरावर रचते. तुम्ही जूनमध्ये फ्रिज गॅसवर लावता आणि पेट घ्यायला आयतं इंधन तयार असतं. हीटरच्या धुराड्यातही घरटं होतं. तिथे धोका कार्बन मोनॉक्साइडचा. म्हणून संशय आला त्या क्षणी गॅसचा सिलिंडर बंद करा आणि ही दोन झाकणं उघडून पाहिल्याशिवाय फ्रिज किंवा हीटर गॅसवर चालवू नका.

बाकीच्या जागा ठरलेल्या आहेत. विजेची जाड केबल बाहेर काढायचं छोटं दार, स्लाइड-आउटचे कोपरे, सिंकखाली पाइप जातो तिथलं भोक आणि पोटाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या फटी. कारखान्यात पाऊण इंचाच्या पाइपला दोन इंचाचं भोक पाडतात आणि वर फोमचा फवारा मारून मोकळे होतात. फोम कुरतडायला उंदराला एक रात्र पुरते. सगळ्या फटी सापडायच्या तर अंधार पडल्यावर गाडीत सगळे दिवे लावा, पडदे बंद करा, आणि बाहेरून, खालून वाकून बघा. जिथून उजेड येतो तिथून सगळे येतात.

महिना बघा

करड्या खारीची वर्षातून दोनदा वीण होते, पहिली साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये. पिल्लं आठ-दहा आठवडे आईवर अवलंबून असतात. या काळात आईला पकडून बाहेर काढलं आणि भोक बंद केलं, तर पिल्लं आत भिंतीत मरतात. दया-माया बाजूला ठेवून नुसत्या व्यवहाराने पाहिलं तरी हा घाट्याचा सौदा आहे. भिंतीत मेलेलं जनावर शोधून काढायला दीडशे ते तीनशे डॉलर लागतात, पॅनेल फोडावं लागलं तर वेगळे, आणि वास कित्येक आठवडे राहतो. आई बाहेर अडकली तर तीही गप्प बसत नाही, आत यायला नवी भोकं पाडते.

तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आवाज आला, तर पिल्लं आहेत असंच धरून चाला. बारीक चीं-चीं ऐकू येते का, फ्रिजच्या झाकणामागे टॉर्चच्या उजेडात काही हलतं का, ते पाहा. पिल्लं असतील आणि गाडी तातडीने न्यायची नसेल, तर ती आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत थांबणं हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तेवढ्या काळात वीज आणि गॅस मात्र बंद ठेवायचा. घाई असेल तर आईला स्वतःहून बिऱ्हाड हलवायला लावा. घरट्याजवळ दिवसभर बडबडणारा रेडिओ आणि लख्ख दिवा ठेवला की पुष्कळदा ती एक-दोन दिवसांत पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. खारींची अशी दोन-तीन घरटी तयार असतात.

शून्य डॉलरचे उपाय, आणि शून्य उपयोगाचे

खार राहत्या भागात, म्हणजे सोफ्यावर-ओट्यावर फिरत असेल तर कोणालाही बोलावू नका. सकाळची वेळ निवडा. छतावरचे व्हेंट बंद करा, सगळे पडदे ओढून अंधार करा, एकच दार सताड उघडं ठेवा आणि सगळ्यांनी तिथून लांब व्हा. मुलांना आणि कुत्र्याला तर नक्कीच लांब ठेवा. उजेड दिसेल तिकडे ती जाते. झाडू घेऊन मागे लागलात तर ती आणखी आत, भिंतीत शिरेल आणि फुकटच्या कामाचं चारशे डॉलरचं काम होईल.

भोक वापरात आहे की नाही हे कळायला वर्तमानपत्राचा बोळा पुरतो. सैलसर कोंबून ठेवा. चांगल्या हवेत दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही. मग बुजवा. हलला, तर तिथे एकदिशा दार लावायचं: बाहेर जाता येतं, परत येता येत नाही. ते चाळीस ते नव्वद डॉलरला मिळतं. पिल्लं नसल्याची खात्री असेल तर माझ्या मते सापळ्यापेक्षा हेच बरं, कारण पकडलेल्या जनावराचं पुढे करायचं काय हा प्रश्नच येत नाही.

आता जे विकत घेऊ नये ते. भिंतीत लावायचे ‘अल्ट्रासॉनिक’ डबे: २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने साठांहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती की असले दावे शास्त्रीय पुराव्याशिवाय करू नका. डबे अजून विकले जातातच. डांबराच्या गोळ्या आपल्या सगळ्यांच्या माहितीच्या, पण त्या हवाबंद पेटीतल्या कपड्यांसाठी आहेत. लेबलवर लिहिलंय त्यापलीकडे वापरणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या खोलीत झोपायचं तिथे तो वास घेणं तब्येतीलाही वाईट. ड्रायर शीट, साबणाच्या वड्या यांवर तर मी एक डॉलरही खर्च करणार नाही. पेपरमिंटचा फवारा निदान निरुपद्रवी आहे. वास टिकतो तोवर कदाचित काही होईल, पण थंडीभर दर दोन आठवड्यांनी कोण मारणार?

विष तर अजिबात नको. विष खाल्लेलं जनावर बाहेर जाऊन मरेल अशी कोणीही हमी देऊ शकत नाही, आणि ते खाणारं घुबड किंवा शेजाऱ्याचं मांजरही त्यात जातं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून सर्वांत जहाल उंदीरनाशकांवर बहुतेक वापरांसाठी बंदी घातली, ती यासाठीच.

माणूस बोलावला तर बिल कसं होतं

शहराचं ‘अॅनिमल कंट्रोल’ फुकट येईल अशी पुष्कळांची समजूत असते. बहुतेक ठिकाणी ते मोकाट कुत्र्यांसाठी, चावणाऱ्या किंवा आजारी जनावरांसाठी असतं. गाडीतल्या धडधाकट खारीसाठी ते खासगी माणसाचा नंबर देतात. घरातल्या मुंग्या-झुरळांसाठी येणारा पेस्ट कंट्रोलवालाही चालेलच असं नाही, कारण वन्यप्राण्यांसाठी बऱ्याच राज्यांत वेगळा परवाना लागतो. अशा परवानाधारकांची यादी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. शोध तिथूनच सुरू करा. जाहिरातीतला पहिला नंबर पुष्कळदा मधल्या एजन्सीचा असतो, आणि तिचं कमिशन तुमच्याच बिलात येतं.

बिलाचे तुकडे साधारण असे पडतात. पाहणीचे १०० ते २०० डॉलर. काम त्यालाच दिलं तर काही जण हे वळते करून घेतात, पण आधी विचारावं लागतं. सापळे लावणं आणि रोज येऊन तपासणं याचे १५० ते ३५०. काही जण याऐवजी पकडलेल्या प्रत्येक जनावरामागे ५० ते १०० लावतात. इथे सावध राहा. झाडांनी वेढलेल्या जागेत उघडा सापळा ठेवला तर आसपासच्या सगळ्याच खारी एकेक करून येतील, आणि तुमच्या गाडीशी काडीचा संबंध नसलेल्या पाच खारींचे पैसे तुम्ही भराल. नगावर बिल असेल तर वरची मर्यादा लेखी घ्या. बुजवण्याचं काम वेगळं, भोकं किती आणि कुठे त्यावर १५० ते ५००. रविवार किंवा रात्र असेल तर आणखी पन्नास-शंभर.

म्हणजे ‘फक्त २५० डॉलर’ असं फोनवर ऐकलं तर ते पकडण्याचे. पाहणी आणि बुजवणं धरून तेच ६०० च्या पुढे जाऊ शकतं. दोन माणसांचे एस्टिमेट घ्या आणि एकूण बेरजेची तुलना करा. बुजवलेल्या भोकांवर किती महिन्यांची हमी आहे तेही विचारा. वर्षभराची हमी देणारा शंभर डॉलर महाग असला तरी मी त्यालाच काम देईन.

आरव्हीसाठी आणखी एक प्रश्न, जो घरासाठी विचारावा लागत नाही: ‘तुम्ही छताला स्क्रू मारणार का?’ उत्तर ‘हो’ असेल तर थांबवा. हे लोक घरांच्या छतांना सरावलेले असतात. आरव्हीचं छत बहुधा रबराच्या पातळ पापुद्र्याचं असतं. जाळी बसवताना मारलेल्या एका स्क्रूतून पाणी आत झिरपतं आणि वर्षभरात खालचं लाकूड कुजतं. ती दुरुस्ती खारीच्या दहापट महाग, वर छताची वॉरंटीही धोक्यात. छतावरचं काम आरव्हीच्या मेकॅनिककडून, नाहीतर स्वतः, आरव्हीच्या छतासाठीच मिळणाऱ्या सीलंटने करावं. एक नळी पंधरा-वीस डॉलरला येते.

पकडलेली खार कुठे सोडायची?

‘लांबच्या जंगलात सोडून येऊ’ हे आपल्याला पुण्याचं काम वाटतं. कॅलिफोर्नियात पकडलेला वन्यप्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. कुठे परवाना लागतो, कुठे जमीनमालकाची संमती. सापळा लावण्याआधी राज्याच्या खात्याला एक फोन करा, तो फुकट आहे. जंगलात सोडलेल्या खारीला तरी कुठे सुख लाभतं? शहरी वस्तीतून मोठ्या जंगलात नेऊन सोडलेल्या करड्या खारींचा मागोवा घेणाऱ्या २००४ च्या एका अभ्यासात ९७ टक्के खारी लवकरच मेल्या किंवा त्या जागेवरून नाहीशा झाल्या. अनोळखी जागा, साठवण नाही, घरटं नाही आणि आधीच ठाण मांडून बसलेल्या खारी.

राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला असताना हे घडलं तर स्वतः सापळा लावायचाच नाही, तिथे तो गुन्हा आहे. रेंजरला सांगा. उद्यानांची आपापली वैशिष्ट्यंही असतात. सेक्वोया उद्यानातल्या मिनरल किंग खोऱ्यात वसंतात मारमॉट नावाचे गुबगुबीत प्राणी गाड्यांखाली शिरून रेडिएटरचे पाइप आणि वायरी कुरतडतात. तिथले जाणते पर्यटक जमिनीवर ताडपत्री पसरून तिच्यावर गाडी उभी करतात आणि ताडपत्री वर ओढून गाडीला चारही बाजूंनी गुंडाळतात. अॅरिझोनाच्या वाळवंटात थंडी काढणारे लोक रात्री बॉनेट उघडं टाकून खाली दिव्यांची माळ लावतात, कारण तिथले पॅकरॅट नावाचे उंदीर अंधाऱ्या उबदार इंजिनात काटेरी निवडुंगाचे तुकडे आणून घर बांधतात. हसू येतं, पण ताडपत्री तीस-चाळीस डॉलरला पडते. इंजिनाच्या वायरींचा जुडगा बदलायचा तर पुढे दोन शून्यं वाढतात.

जाताना ती काय ठेवून गेली

आरव्हीच्या वर्कशॉपमध्ये मजुरीचा दर तासाला दीडशे ते दोनशे डॉलर आहे. वायर स्वतः दहा डॉलरची. ती भिंतीत नेमकी कुठे तुटली हे शोधायला चार तास गेले तर १७५ च्या दराने ७०० डॉलर तिथेच संपले. पोटाखालचं इन्सुलेशन मुतून भिजलं असेल तर सगळा पत्रा उतरवून नवं भरावं लागतं. हीटरची नळी फाटली असेल तर ती बदलायची. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की दीड ते पाच हजारांचं बिल सहज होतं. घरी येऊन काम करणारे फिरते आरव्ही मेकॅनिकही असतात. येण्याचे वेगळे पैसे घेतात, पण वर्कशॉपच्या तीन-तीन आठवड्यांच्या रांगेपेक्षा ते परवडतं.

गॅसची रबरी नळी कुरतडली आहे का हे तपासायला खर्च शून्य. वाटीत साबणाचं पाणी करा, सिलिंडर उघडा, नळीवर आणि जोडांवर ब्रशने लावा. बुडबुडे आले तर लगेच बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नका.

साफसफाईत मात्र काटकसर करू नका. लेंड्या उंदरांच्या असण्याची शक्यता असेल, विशेषतः पश्चिमेकडच्या राज्यांत, तर हंटाव्हायरसचा धोका खरा आहे. डिअर माउस नावाच्या, पांढऱ्या पोटाच्या उंदरामार्फत तो पसरतो, तेही वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासावाटे आत गेल्याने. २०१२ च्या उन्हाळ्यात योसेमिटीत दहा जणांना लागण झाली आणि तिघे दगावले. त्यांतले बहुतेक तिथल्या करी व्हिलेजच्या दुहेरी भिंतींच्या तंबूंत राहिले होते आणि उंदरांची घरटी त्या भिंतींच्या पोकळीत होती. आरव्हीची भिंतही पोकळच असते. म्हणून केरसुणी नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. अर्धा तास दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा. सामान वीस-पंचवीस डॉलरचं. घाण भिंतीच्या आत किंवा डक्टमध्ये असेल तर व्यावसायिक सफाईला काही शे डॉलर लागतात, ते द्यावेत.

पश्चिमेकडच्या जमिनीतल्या खारी आणि चिपमंक यांच्या पिसवांमधून प्लेगही आढळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये लेक टाहोच्या दक्षिण काठावरची काही ठिकाणं त्यासाठी बंद ठेवली होती. १८९७ च्या प्लेगच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या पुणेकरांनी घाबरून जायचं कारण नाही, आज औषध आहे. पण मुलांना कॅम्पग्राउंडवर खारींना हाताने दाणे भरवू देऊ नका, आणि मेलेल्या खारीला हात लावू देऊ नका.

खार सोडून दुसरं कोणी असेल तर हिशेब बदलतो. रकूनला ३०० ते ७०० डॉलर, आणि तो स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका, त्याला रेबीज असू शकतो. स्कंक गाडीखाली असेल तर खर्च साधारण तेवढाच; चुकून त्याने फवारलं तर वासाचा खर्च वेगळा. साप दिसला तर आधी आत उंदीर आहेत का ते पाहा, तो बहुधा त्यांच्यामागेच आलेला असतो. वटवाघूळ झोपायच्या जागेत सापडलं तर ते हाकलून देऊ नका, आरोग्य खात्याला फोन करा. चावा कळत नाही इतका बारीक असतो, आणि रेबीजच्या लसींचा कोर्स अमेरिकेत हजारो डॉलरचा आहे. वटवाघळं उन्हाळ्यात पिल्लं वाढवतात, त्या काळात अनेक राज्यांत त्यांना हुसकावता येत नाही. पक्ष्यांचं घरटं अंडी-पिल्लांसह सापडलं, तर १९१८ च्या केंद्रीय कायद्यानुसार बहुतेक जातींच्या घरट्याला परवान्याशिवाय हात लावता येत नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं, इतकंच.

बुजवण्याचं सामान

पाव इंची भोकांच्या जाड तारेच्या जाळीचा गुंडाळा वीस-तीस डॉलरला मिळतो. तांब्याच्या तारेची लोकर पंधरा-वीसला. लोखंडी लोकर स्वस्त, पण ती गंजते आणि डाग पाडते. पाइपांभोवती तांब्याची लोकर घट्ट कोंबायची, वरून सीलंट. फ्रिजच्या आणि हीटरच्या झडपांना आतून जाळी, पण हवेची वाट कोंडता कामा नये. हीटरसाठी त्या त्या मॉडेलच्या तयार जाळ्या मिळतात, त्याच घ्या. बहुतेक उत्पादक घरी केलेली जाळी हीटरवर चालवून घेत नाहीत. हे सगळं दीडशे डॉलरच्या आत बसतं. करायची वेळ ऑक्टोबर, दुसऱ्या विणीची पिल्लं बाहेर पडल्यावर आणि थंडीने उंदीर आत यायच्या आधी. आणि फराळाचे डबे घरात आणा, सगळे.

गाडी भाड्याची असेल तर यातलं काहीच करू नका. फोटो काढा, मालकाला किंवा कंपनीला लगेच मेसेज करा म्हणजे वेळेची नोंद राहते, आणि ते सांगतील तसं वागा. दार उघडं टाकून, ओट्यावर खाणं ठेवून तुम्ही फिरायला गेला होतात असं दिसलं तर सफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाऊ शकतात. तुम्ही गाडी घेण्याआधीच्या लेंड्या आणि घरटं सापडलं तर ती जबाबदारी मालकाची, आणि ते सिद्ध करायला पहिल्या तासाचे फोटोच उपयोगी पडतात.

राहता राहिला विमा. कारच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मध्ये कुरतडलेल्या वायरी पुष्कळदा बसतात. तोच नियम आरव्हीला लागेल असं धरू नका, कारण अनेक आरव्ही पॉलिसींमध्ये ‘व्हर्मिन’मुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं आणि त्यात खार धरायची की नाही हे कंपनी ठरवते. काही कंपन्या थोड्या जादा हप्त्यावर हे नुकसान भरून देणारा जोड विकतात. डिडक्टिबल ५०० किंवा १००० असेल तर सहाशेच्या बिलासाठी क्लेम करण्यात अर्थ नाही, पाच हजारांच्या बिलासाठी आहे. एजंटला ईमेल करून सरळ विचारा: खार, उंदीर आणि रकून यांनी केलेलं नुकसान माझ्या पॉलिसीत येतं का? उत्तर लेखी मिळवा आणि गाडीच्या कागदांसोबत ठेवा.